ठाणे–कल्याण पट्ट्यातील वाचाघात आणि वाचा-उपचारांची वाटचाल

मेंदूतील भाषेशी निगडित भागाचा रक्तपुरवठा अडला, तिथे रक्तस्राव झाला किंवा डोक्याला जबर मार लागला, की माणसाची बोलण्याची, दुसऱ्याचे बोलणे समजण्याची, वाचण्याची आणि लिहिण्याची क्षमता कमी-अधिक प्रमाणात ढासळते. या अवस्थेला वैद्यकात वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांत हा भाग मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतो आणि शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचालींचे नियंत्रणही तिथूनच होते, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडलेल्या रुग्णांत वाचाघात अधिक आढळतो. घरात मात्र या अवस्थेला स्वतंत्र नाव क्वचितच मिळते. ‘अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली’ एवढ्या एका वाक्यात सगळे सांगून होते, आणि माणूस पुन्हा चालू लागेल का, या काळजीपुढे तो पुन्हा बोलू लागेल का, हा प्रश्न मागे पडतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सोय कशी झाली, हे पाहू गेल्यास एखाद्या रुग्णालयाच्या कोनशिलेपासून सुरुवात करता येत नाही. या उपचाराचे शिक्षण आणि त्याचे जाणकार दीर्घकाळ मुंबई शहरात राहिले, रुग्ण लोकलच्या मार्गावर दूरवर विखुरलेले राहिले, आणि प्रत्यक्ष काम बव्हंशी त्या रुग्णांच्या घरात, अप्रशिक्षित नातेवाइकांच्या हातून झाले. म्हणूनच या पट्ट्यातील वाचा-उपचारांची प्रगती मोजायची तर ती घराच्या किती जवळ आली, यावरून मोजणे न्याय्य ठरते.

वाचाघाताचे रूप नीट ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा इतिहास समजत नाही. अर्धांगवायूनंतर ओठ, जीभ आणि टाळू यांचे स्नायू दुबळे झाल्याने उच्चार अस्पष्ट होतो, पण वाक्य मनात पूर्ण तयार असते. अशा रुग्णाला कागद दिल्यास तो लिहून सांगू शकतो. वाचाघातात मात्र मुळात शब्द आणि वाक्यच हाताशी येत नाही. त्याचा एक प्रकार असा, की रुग्णाला समोरच्याचे बोलणे बरेचसे कळते, काय सांगायचे तेही ठाऊक असते, पण ‘मी दुकानातून साखर आणली’ या वाक्याऐवजी ‘मी… दुकान… साखर’ एवढेच बाहेर पडते. विभक्तीचे प्रत्यय, सामान्यरूप आणि क्रियापद गळून जाते. दुसऱ्या प्रकारात बोलणे अस्खलित असते, चालही बरोबर असते, पण त्यात अर्थ उरत नाही, किल्लीला कुलूप आणि चमच्याला ‘मचचा’ म्हटले जाते, आणि आपण चुकत आहोत हे बोलणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. ज्यात बोलणे आणि समजणे दोन्ही जवळपास नाहीसे होते, तो तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रकार. या तिन्ही प्रकारांत माणसाची ओळख, नातेसंबंधांची जाण, लाजलज्जा आणि व्यवहाराची समज बऱ्याच अंशी शाबूत असू शकते. तरीही दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला भ्रम झाला आहे आणि पहिल्या प्रकारच्या रुग्णाची बुद्धी गेली आहे, असे समजून त्यांच्याशी बोलणेच थांबवले जाते, आणि आजारापेक्षा ही समजूत अधिक नुकसान करते.

अर्धांग आणि वाचा यांचा संबंध भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून ठाऊक होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पक्षाघाताचे वर्णन करताना शरीराची उजवी किंवा डावी बाजू निकामी होणे आणि त्यासोबत वाक्स्तंभ, म्हणजे वाणी खुंटणे, या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात शब्द वाहून नेणाऱ्या धमन्या कफयुक्त वाताने अडल्यास माणूस मूक, मिन्मिण म्हणजे नाकातून बोलणारा, किंवा गद्गद म्हणजे अडखळत बोलणारा होतो, असे म्हटले आहे. उजवी बाजू आणि वाणी यांचा विशेष संबंध मात्र या ग्रंथांनी सांगितलेला नाही. या परंपरेतून आलेले उपाय महाराष्ट्रातील घरांत अजूनही टिकून आहेत: जिभेला वेखंड किंवा मधातून अक्कलकारा चोळणे, ब्राह्मी देणे, लुळ्या अंगाला नारायण तेलाचे मर्दन करणे. हे उपाय वाचादोषाचे मूळ जिभेत आहे असे मानतात, आणि मेंदूतील भाषेला झालेली इजा त्यांच्या कक्षेत येत नाही. तरी रोज ठरल्या वेळी रुग्णाजवळ कोणीतरी बसून त्याच्याशी बोलत मालिश करते, ही गोष्ट या प्रथेची जमेची बाजू मानली पाहिजे.

उजवे अंग गेले म्हणजे भाषा जातेच असे नाही, याचे महाराष्ट्राच्या इतिहासातील ठळक उदाहरण म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८८ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. त्यानंतर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पूर्ण केले, आणि १८९० मधील त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. हात गेला तरी त्यांचे वाक्य, युक्तिवाद आणि शब्दसंपत्ती अबाधित राहिली. ज्या रुग्णांच्या बाबतीत असे घडले नाही, ते आपल्या अवस्थेविषयी काही लिहून ठेवू शकले नाहीत, आणि म्हणून एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचाघातग्रस्तांचा लेखी माग जवळपास मिळत नाही. या विषयाच्या इतिहासकाराला ही उणीव सतत सोबत घेऊन चालावे लागते.

याच काळात युरोपात मेंदू आणि भाषा यांचे नाते उलगडत होते. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्याला ‘तान’ या एकाच उच्चाराखेरीज काही बोलता येत नव्हते अशा लेबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या अर्ध्याच्या पुढील भागातील इजा दाखवून दिली. १८७४ मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी समजण्याची क्षमता हरपणाऱ्या दुसऱ्या प्रकाराचे आणि त्याच्याशी निगडित मागील भागाचे वर्णन केले. निदान असे झपाट्याने पुढे गेले, उपचार मात्र दोन महायुद्धांपर्यंत मागेच राहिला. डोक्यात गोळी लागलेले हजारो तरुण सैनिक एकाच वेळी रुग्णालयांत आले, तेव्हा त्यांना पुन्हा बोलायला शिकवणे ही राष्ट्राची गरज बनली. रशियात अलेक्सांदर लुरिया यांनी उरल पर्वताच्या परिसरातील लष्करी रुग्णालयात केलेल्या कामातून १९४७ मध्ये आघातजन्य वाचाघातावरील ग्रंथ निघाला, आणि अमेरिकेत जोसेफ वेपमन यांनी १९५१ मध्ये वाचाघातातून सावरण्यावर पुस्तक लिहिले. भारताच्या वाट्याला युद्धाने आलेला हा टप्पा आला नाही, त्यामुळे इथे हा व्यवसाय वेगळ्याच दाराने आला.

तो आला बहिरेपणाच्या दाराने. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये, आणि परळचे केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएममध्ये व्यवसायोपचाराचे, म्हणजे हाताच्या आणि रोजच्या कामांच्या सरावातून रुग्णाला पुन्हा उभे करण्याचे, देशातील पहिले शिक्षण सुरू केले. १९५५ मध्ये हाजीअली येथे भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. अर्धांगाच्या रुग्णाच्या हातापायांची काळजी घेणारी ही व्यवस्था वाचेची काळजी घेणाऱ्या व्यवस्थेच्या आधी तयार झाली. वाचा आणि श्रवण या विषयांचे पदवी शिक्षण १९६६ च्या सुमारास मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या संस्थेत सुरू झाले. म्हैसूरच्या संस्थेचे मूळ नाव वाचाशास्त्रावरून पडलेले होते, ते पुढे ‘अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था’ असे झाले. १९८३ मध्ये वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तीही प्रथम श्रवण-अपंगांसाठी. या सर्व ठिकाणी श्रवणयंत्र लावलेले, कर्णबधिर शाळेत जाणारे मूल हा विद्यार्थ्यांसमोरचा मुख्य रुग्ण होता. अर्धांगानंतर बोलणे गेलेला साठीचा गृहस्थ त्याच विभागाच्या बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसे. पन्नास वर्षांनंतरही ठाणे किंवा डोंबिवलीतील खासगी वाचा-उपचार केंद्रांत मुलांची संख्या मोठी आणि वाचाघाताच्या प्रौढांची लहान असते, त्याचे एक मूळ या घडणीत आहे. दुसरे मूळ असे, की मुलाच्या उपचारावर खर्च करताना घर भविष्याकडे पाहते आणि वृद्धाच्या बाबतीत ‘आता वय झाले’ असे म्हणून हात आखडते; हा हिशेब कठोर आहे आणि तो अनेकदा चुकीचाही ठरतो, कारण वाचाघातात वर्षानंतरही सुधारणा होत राहते.

मुंबईहून ठाण्यापर्यंत रेल्वे १८५३ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. शतकभरानंतर याच लोहमार्गाने ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कामगार आणले आणि मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या नोकरदारांना कल्याण–डोंबिवलीत घरे घेणे परवडू दिले. ठाण्याची महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण–डोंबिवलीची १९८३ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत पहिलीची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार आणि दुसरीची सुमारे १२ लाख ४७ हजार भरली. लोकसंख्येच्या या वाढीच्या मागून आरोग्यसेवा येत राहिली. १९९२ मध्ये कळव्यात ठाणे महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये होती. पुढे खासगी रुग्णालयांची रांग लागली. तथापि वाचा-उपचारतज्ज्ञ, ज्यांना लोक ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हणतात, तयार करणारे शिक्षण मुंबईच्या जुन्या केंद्रांतच राहिले आणि गुंतागुंतीचा रुग्ण तिकडेच पाठवण्याची रीत पडली.

त्या प्रवासाचे स्वरूप या उपचाराच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक बाब आहे. कल्याण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५४ किलोमीटरवर आहे. डोंबिवलीच्या रुग्णाला नायर रुग्णालयात जायचे तर मध्य रेल्वेने दादर गाठावे, पूल चढून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जावे आणि पुन्हा गाडी पकडून मुंबई सेंट्रलला उतरावे लागते. वांद्र्याला जायचे तरी दादरचा पूल चुकत नाही. उजवा पाय ओढत चालणाऱ्या, लोकलच्या दांडीला डाव्या हाताने धरणाऱ्या आणि कोणी ‘उतरायचंय का?’ असे विचारले तर उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसासाठी हा प्रवास एकट्याने शक्य नसतो. सोबत एक माणूस लागतो, आणि तो माणूस नोकरीवर रजा टाकून येतो. उपचाराची गरज आठवड्यातून अनेक वेळा असते. वाचाघातावरील वाचा-उपचारांच्या ५७ चाचण्यांचा, एकूण ३००२ रुग्णांचा समावेश असलेला कोक्रेन संस्थेचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांमुळे दैनंदिन संवाद सुधारतो आणि अधिक तीव्र, म्हणजे कमी काळात अधिक तास दिलेला उपचार अधिक लाभदायक ठरू शकतो, पण त्यात मध्येच सोडून देणाऱ्यांची संख्याही वाढते, असे त्यातून दिसले. जगभरातील हा निष्कर्ष दादरच्या पुलावर उभे राहून वाचला, की त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. दोन-तीन खेपांनंतर येणे बंद केलेल्या रुग्णाला हलगर्जी म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.

केंद्रात पोहोचल्यावर काय होते, तेही सविस्तर सांगण्याजोगे आहे. तज्ज्ञ प्रथम रुग्ण स्वतःहून काय बोलतो ते ऐकतो, मग त्याला डोळे मिटायला, खिडकीकडे बोट दाखवायला, आणि नंतर ‘कंगव्याने पेनला स्पर्श करा’ अशा दोन वस्तूंची सांगड असलेल्या आज्ञा पाळायला सांगतो, आपण उच्चारलेले शब्द व वाक्ये परत म्हणवून घेतो आणि समोर ठेवलेल्या वस्तूंची नावे विचारतो. नाव सुचत नसेल तर आधार पायरीपायरीने दिला जातो: वस्तूचा उपयोग सांगणे, मग ‘आपण कुलूप उघडतो ते…’ असे वाक्य अर्धवट सोडणे, मग पहिला ‘कि’ उच्चारून थांबणे, आणि कशानेही जमले नाही तर पूर्ण शब्द बोलून त्याची पुनरावृत्ती करवून घेणे. बोलण्याच्या हालचालींची जुळवाजुळव हरवलेल्या रुग्णासाठी टेबलावर आरसा ठेवतात, आणि ओठ मिटून ‘प’, जीभ दातांमागे लावून ‘त’, जिभेचा मागचा भाग उचलून ‘क’ असा सराव होतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असा उच्चारस्थानांचा क्रम ज्या वर्णमालेतच आहे, ती वर्णमाला वाचा-उपचाराच्या हाती आयते साधन ठरते, आणि मराठी शाळेत शिकलेल्या रुग्णाला ती क्रमाने आठवतेही.

ही आठवण उपचाराच्या दृष्टीने मोलाची असते. वाचाघातात स्वतः रचून बोलण्याचे वाक्य अडते, पण लहानपणापासून क्रमाने पाठ झालेले बोलणे बऱ्याचदा टिकून राहते, कारण ते मेंदूत वेगळ्या तऱ्हेने साठवलेले असते. वारांची नावे, एक ते दहा अंक, देवासमोर रोज म्हटलेली आरती, रामरक्षा, हरिपाठ, आणि जुन्या मराठी शाळेत शिकलेल्यांच्या बाबतीत पावकी, निमकी, दिडकीसुद्धा. स्वतःचे नाव सांगू न शकणारा माणूस आरती सुरू होताच चालीवर तिच्यात सामील होतो, हे पाहून घरचे लोक चकित होतात, आणि तो बोलायचे मुद्दाम टाळतो असा चुकीचा अर्थही कधीकधी काढतात. चालीवर बोलवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९७३ मध्ये शास्त्रीय रूप मिळाले. ‘पाणी दे’ यासारखे छोटे वाक्य दोन सुरांत, डाव्या हाताने टेबलावर ताल देत म्हणवून घ्यायचे आणि सूर हळूहळू काढून टाकून ते साध्या बोलण्यात आणायचे, असा तिचा क्रम आहे. भजनाची आणि आरतीची सवय असलेल्या घरांत ही पद्धत परकी वाटत नाही. मात्र आरती म्हणता येणे म्हणजे बोलणे परत येणे नव्हे. त्या वाटेने गरजेचे वाक्य तोंडात येईपर्यंत काम पूर्ण होत नाही, आणि हा फरक घरच्यांना समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग असतो.

मराठीची साधने तयार होण्यात मात्र बराच उशीर झाला. जगभर वापरल्या जाणाऱ्या कसोट्या इंग्रजीत घडल्या. बोस्टन येथे तयार झालेल्या आणि १९८३ मध्ये प्रकाशित झालेल्या नावे सांगण्याच्या ६० चित्रांच्या कसोटीत एस्किमोंचे बर्फाचे घर आणि बीव्हर हा प्राणी आहे, आणि त्याच परंपरेतील १९७२ च्या कसोटीतील प्रसिद्ध चित्रात आईच्या पाठीमागे फळीवरची बिस्किटे काढणारी मुले आहेत. कल्याणच्या जुन्या वस्तीतील आजींना बीव्हर ओळखता आला नाही, तर दोष मेंदूचा की चित्राचा, हे ठरवता येणार नाही. त्यांच्यापुढे विळी, फुलपात्र, पाटा-वरवंटा आणि तांब्या ठेवला पाहिजे. आणखी खोल अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजी कसोटीला वाचाघाताने गळणारे शेवटचे ‘एस’ किंवा ‘ईडी’ तपासायचे असते. मराठीत ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होताना शब्दाचे अंगच बदलते, तीन लिंगे क्रियापदापर्यंत पोहोचतात, आणि ‘मुलाने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद कर्त्याऐवजी पोळीशी जुळते. हे सगळे कोठे मोडते आणि कोठे टिकते, हे मराठीसाठी घडवलेल्या साधनाखेरीज कळत नाही. अँड्र्यू कर्टेझ यांनी १९८२ मध्ये प्रकाशित केलेल्या वेस्टर्न वाचाघात कसोटीचे भारतीय भाषांतील रूपांतर करण्याचे काम प्रतिभा कारंथ आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी हाती घेतले आणि त्यातून निदान सुरुवातीची पकड तयार झाली. रूपांतर हे भाषांतरापेक्षा बरेच अधिक असते, आणि या कामाला मराठी भाषाभ्यासकांनी आजवर दिला त्याहून अधिक वेळ देणे योग्य ठरेल.

त्यातही या पट्ट्याची भाषा एक नाही. ठाणे–कल्याणच्या मूळ गावांत आगरी आणि कोळी बोली आहेत, कोकणातून आलेल्यांच्या घरी मालवणी, आणि नोकरीसाठी आलेल्यांच्या घरी गुजराती, तमिळ, हिंदी, तेलुगू. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर वसवले गेले. त्या पिढीतील अनेकांची घरची भाषा सिंधी, लिपी अरबी वळणाची, धंद्याची भाषा हिंदी आणि बाजारातील भाषा मराठी होती. अनेक भाषा जाणणाऱ्याला वाचाघात झाला, तर कोणती भाषा आधी परत येते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये उपस्थित झाला होता: तेओद्यूल रिबो यांच्या मांडणीनुसार लहानपणी सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकते, तर आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये आजाराच्या वेळी सर्वाधिक वापरात असलेली भाषा प्रथम परतते असे मांडले. दोन्ही नियमांना अपवाद बरेच सापडले. तरीही उपचार कोणत्या भाषेत द्यायचा, याचा निर्णय रुग्णाच्या घरात जाऊनच घ्यावा लागतो. प्रमाण मराठीत बोलणाऱ्या तज्ज्ञाने आगरी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या प्रत्येक रूपाला चूक मोजले, तर तो तपासणी करीत नसून शाळा भरवीत असतो.

वाचाघाताचा घाला वाचनावरही पडतो, आणि ज्या शहरांत कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, तिथे ही हानी नुसती कौशल्याची राहत नाही. वर्तमानपत्र हातात घेऊन मथळ्यावर नजर फिरवणारा, पण अक्षरे ओळखीची असूनही ओळीचा अर्थ न लागणारा निवृत्त कारकून किंवा शिक्षक कधीकधी ते वर्तमानपत्र रोज तितकाच वेळ उघडून बसतो. वाचन परत आणण्याचे काम सामान्यतः संपूर्ण शब्द ओळखण्यापासून सुरू होते: घरच्यांची नावे, रोजची स्थानके, औषधाच्या डबीवरचे शब्द. देवनागरीत प्रत्येक अक्षरात स्वर चिकटलेला असल्याने आणि जोडाक्षरांचा भार असल्याने त्याचा क्रम रोमन लिपीपेक्षा वेगळा ठेवावा लागतो. ‘ठाणे’ ओळखणाऱ्याला ‘मुंब्रा’ वाचताना अडचण येऊ शकते.

कायद्याने या रुग्णाला ओळखायला फार वेळ घेतला. १८७२ च्या पुरावा कायद्यात बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला न्यायालयासमोर लिहून किंवा खुणांनी साक्ष देण्याची मुभा होती. तिच्यामागे ज्याची भाषा शाबूत आहे, फक्त आवाज नाही, असा मनुष्य गृहीत होता, आणि लिहिणेही गमावलेला वाचाघातग्रस्त त्या चौकटीत बसत नव्हता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत वाचाघात नव्हता. एखाद्याचा हातही गेला असेल तर त्याला चलनदोषाचे प्रमाणपत्र मिळे, पण ज्याचा हातपाय शाबूत आणि भाषा गेलेली, त्याच्या पदरात काहीच पडत नसे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना स्वरयंत्र काढून टाकणे आणि वाचाघात यांचा नावाने उल्लेख झाला. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास पुढील लाभ मिळतात, आणि वाचाघाताची टक्केवारी ठरवताना वर उल्लेखिलेल्या वेस्टर्न कसोटीचा गुणांक आधार मानला जातो. याचा अर्थ रूपांतरित कसोटीतील एखाद्या सदोष चित्राची किंमत आता प्रमाणपत्राच्या टक्केवारीतून चुकवावी लागू शकते. बँकेच्या व्यवहारांत तर अडचण याहूनही रोजची असते, कारण उजव्या हाताची सही गेलेली असते आणि तोंडी सांगणेही शक्य नसते. वृद्ध, आजारी किंवा असमर्थ खातेदाराचा अंगठा किंवा खूण दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असताना, स्वीकारण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे, आणि ती घरच्यांना सांगणे कोणत्याही चित्रकार्डाइतकेच उपयोगी ठरते.

या सगळ्यामागे रुग्णसंख्येचा अंदाज ठेवला पाहिजे. डॉ. प्र. म. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत २००५–०६ मध्ये केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोकसंख्याधारित पाहणीत पंचविशीपुढील दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला मेंदूचा झटका येतो असे आढळले; सर्वसाधारणपणे झटका आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांत आरंभी वाचाघात दिसतो. कल्याण–डोंबिवलीसारख्या बारा-तेरा लाखांच्या शहराला हे प्रमाण लावले, तर वाचाघाताचे नवे रुग्ण दर वर्षी काहीशे भरतील. यातले काही लवकर दगावतात, काही महिन्याभरात बरेच सावरतात, तरी उरलेल्यांना जितके तास द्यायला हवेत, तितके त्या शहरातील सध्याच्या सोयींतून मिळणे कठीण आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि मुंबईच्या जुन्या केंद्रांकडे जाणारी वाट एका दिवसात तुटली. ज्या घरांत दुसरा इलाज उरला नाही, तिथे तज्ज्ञ मोबाइलच्या पडद्यावर आले. रुग्णाला उजव्या हाताने फोन धरता येत नसल्याने तो डब्याला टेकवून ठेवावा लागे, सून किंवा नात वस्तू हातात धरून दाखवी आणि तज्ज्ञ नावाचा पहिला उच्चार सांगे. सराव पूर्वीही घरात चाले, पण आता तज्ज्ञाला तो प्रत्यक्ष दिसू लागला: रुग्णासाठी कोण उत्तर देते, किती सेकंद थांबते, चूक झाल्यावर हसते की रागावते, टीव्ही बंद करते की नाही. पुढे लोकल टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी सुरू झाली तरी पहिली तपासणी समोरासमोर आणि त्यानंतरचा बराच सराव पडद्यावर ही विभागणी अनेक ठिकाणी राहिली. तीव्र वाचाघातात ती पुरेशी होत नाही; तिथे हात धरून बोट दाखवायला शिकवावे लागते आणि समोर बसूनच काम करावे लागते. सौम्य आणि मध्यम प्रकारांत मात्र दादरचा पूल वाचला आणि रजा वाचल्या. वाचलेला वेळ थेट सरावाला देता आला. घरी बसलेल्या माणसाला कसे थांबायचे, कसा हो-नाहीचा प्रश्न विचारायचा, कागदावर तीन शब्द लिहून एकावर बोट ठेवायला कसे सांगायचे, हे शिकवण्याचे काम त्या अवधीत वाचा-उपचाराच्या केंद्रस्थानी आले, आणि ठाणे–कल्याणमध्ये ते आता प्रत्येक सत्राच्या अखेरीस दहा-पंधरा मिनिटे खास घरच्यांसाठी राखून चालवता येण्याजोगे आहे.